क्यूबसॅटमध्ये थर्मल कॅमेरा बसवून शेताचं तापमान मोजता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक टीम ६यू क्यूबसॅट, म्हणजे खोक्याएवढा छोटा सॅटेलाइट, डिझाइन करतेय. बाजारात मिळणारा, कूलर नसलेला थर्मल कॅमेरा त्यात बसवायचा, ५०० किलोमीटरवरून ऊस आणि द्राक्षाच्या प्लॉटचं तापमान घ्यायचं आणि कुठल्या पिकाला पाण्याचा ताण पडलाय ते सांगायचं. हे जमेल का, आणि जमत असेल तर लँडसॅटसारखे एवढे मोठे सॅटेलाइट कशाला करतात?

मी बारा-तेरा वर्षं थर्मल पेलोडचं कॅलिब्रेशन करतेय, म्हणजे सॅटेलाइटवरच्या थर्मल कॅमेऱ्यांचे आकडे खऱ्या तापमानाशी जुळवायचं काम, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. चित्र नक्की येईल, सगळं नीट झालं तर पहिल्या महिन्यातच येईल, नद्या-तलाव-शहर सगळं ओळखू येईल आणि तुम्हाला फार आनंद होईल. पण त्यातल्या एका पिक्सेलवर बोट ठेवून "हा ३४ अंश आहे" असं म्हणायचं असेल तर त्यासाठी जे लागतं त्याला तुमच्या प्रपोझलमध्ये एक ओळ दिलीय, आणि माझ्या मते निम्मा प्रोजेक्ट त्या एका ओळीत आहे.

आधी बेसिक. जमीन, पान, पाणी, आपण स्वतः, सगळे साधारण ३०० केल्विनला (म्हणजे २७ अंश सेल्सिअसला) आहोत आणि या तापमानाची वस्तू सगळ्यात जास्त ऊर्जा ९.७ मायक्रॉन लांबीच्या लाटांच्या आसपास सोडते. नशिबानं हवेत ८ ते १४ मायक्रॉनची खिडकी आहे, तिथून ही ऊर्जा वर जाते, मध्ये ९.६ च्या आसपास ओझोन थोडी खातो म्हणून बहुतेक जण १०.५ ते १२.५ मध्ये बँड, म्हणजे कॅमेरा बघतो तो लाटांचा पट्टा, ठेवतात. इथे एक आकडा डोक्यात पक्का बसवा: ३०० केल्विनला तापमान १ अंशानं बदललं की १०.५ मायक्रॉनला येणारी ऊर्जा साधारण दीड टक्क्यानं बदलते. म्हणजे अर्ध्या अंशाची अचूकता हवी तर तुमची सगळी साखळी, लेन्सपासून आकड्यापर्यंत, पाऊण टक्क्याच्या आत स्थिर पाहिजे.

आता पिक्सेल. लाट लांब असली की चित्र पसरतं, हे कुठल्याही सॉफ्टवेअरनं टळत नाही. १० सेंटिमीटरची लेन्स, ५०० किलोमीटर उंची, १० मायक्रॉन, तर जमिनीवर साधारण ६० मीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसणार नाही. हीच लेन्स दृश्य प्रकाशात ३ मीटरपर्यंत जाते, म्हणून लोकांचा गोंधळ होतो, त्यांना वाटतं छोट्या सॅटेलाइटवरून एवढे क्लिअर फोटो येतात मग थर्मल का नाही. आणि ६यू म्हणजे १०-२०-३० सेंटिमीटरचा डबा, त्यात १० सेंटिमीटरहून मोठी लेन्स जाणार कुठून.

हे ६० मीटर आपल्या शेताला लावून बघा. एक एकर म्हणजे साधारण ६४ मीटर गुणिले ६४ मीटर. म्हणजे एक एकर, एक पिक्सेल. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होती, आणि पिक्सेल काही बांधाला बांध लावून पडत नाही, तो अर्धा तुमच्या उसात, थोडा शेजारच्या नांगरटीत, थोडा रस्त्यावर. दुपारी नांगरलेली कोरडी जमीन ५० अंशाच्या वर जाते आणि पाणी दिलेला ऊस तिशीत असतो, मग सरासरी ४० आली तर तो ताण पडलेला ऊस की बांधाची भेळ, हे तापमानावरून कळत नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ सॅटेलाइटचा हिरवेपणाचा १० मीटरचा डेटा घेऊन थर्मल बारीक करायची पद्धत आहे, आम्हीही वापरतो, फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्यातला बारीक तपशील मुख्यतः हिरवेपणातून आलेला असतो, तापमानातून नाही. द्राक्षाच्या ओळी आणि मधली मोकळी माती तर ६० मीटरमध्ये कायमच एकत्र, त्यामुळे माझा सल्ला मागाल तर द्राक्ष सोडा, उसाचे मोठे सलग पट्टे घ्या.

वेगाचं गणित तुमच्या डिझाइनमध्ये अजिबात दिसलं नाही. कूलर नसलेला कॅमेरा म्हणजे मायक्रोबोलोमीटर, प्रत्येक पिक्सेल म्हणजे व्हॅनेडियम ऑक्साइडचा एक इवलासा पूल, तो तापतो, त्याचा रेझिस्टन्स बदलतो, तो आपण वाचतो. हा पूल तापायला आणि निवायला साधारण १० मिलिसेकंद घेतो. सॅटेलाइटची सावली जमिनीवर सेकंदाला ७ किलोमीटर पळते. १० मिलिसेकंदात ७० मीटर! म्हणजे पिक्सेल तुमच्या उसाला पुरता तापायच्या आत पुढचं शेत आलेलं असतं आणि चित्र उड्डाणाच्या दिशेनं ओघळतं. यावर उपाय म्हणजे सॅटेलाइटची मान हळूहळू मागे वळवत न्यायची, जमीन कॅमेऱ्यासमोर हळू सरकेल अशी, पण मग एका फेरीत कमी पट्टा मिळतो आणि रिअॅक्शन व्हीलवर (सॅटेलाइट वळवणाऱ्या आतल्या चाकांवर) चांगला ताबा लागतो. ते जमलं की एकाच जागेच्या बऱ्याच फ्रेम मिळतात आणि त्यांची सरासरी घेऊन नॉइज खाली आणता येतो. आणि लेन्सचा एफ-नंबर (फोकल लांबी भागिले व्यास) १ च्या जवळच ठेवा. डेटाशीटवरचे ते ५० मिलिकेल्विन (कॅमेऱ्याला जेमतेम कळणारा तापमानाचा फरक) एफ १ ला दिलेले असतात, तुम्ही जागा वाचवायला एफ २ ला गेलात की ते चौपट, २०० होतात.

आता मुद्द्याचं.

दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्याचं झाकण लावलं की आत अंधार होतो. थर्मलमध्ये अंधार नावाचा प्रकारच नाही. लेन्स २० अंशाला आहे, तिची नळी २० अंशाला, डबा २० अंशाला, आणि हे सगळं ज्या लाटांमध्ये तुम्ही बघताय त्याच लाटांमध्ये झगमगतंय. एफ १ ची लेन्स असली तरी पिक्सेलवर पडणाऱ्या उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा लेन्सच्या वाटेनं येतो, उरलेले चार हिस्से कॅमेऱ्याच्या आतल्या भिंतीतून. म्हणजे डबा ०.१ अंशानं तापला तर चित्रात जमीन साधारण ०.४ अंशानं तापल्यासारखी दिसते. डबा ०.१ अंशानं तापायला काय लागतं? काहीच नाही लागत. साधारण ९५ मिनिटांच्या फेरीत पस्तीसेक मिनिटं सावली, बाकी ऊन, शिवाय रेडिओ ट्रान्समीटर चालू झाला की वेगळी ऊब.

मी सुरुवातीला एका कंपनीत होते तिथे बॅटरी वाचवायची म्हणून कॅमेरा इमेजिंगच्या अगदी आधी ऑन करायचो आणि शटर, म्हणजे ज्याच्याकडे बघून कॅमेरा आपला शून्य लावतो ते आतलं पातं, एकदाच, सुरुवातीला, मारायचो. पहिली लांब पट्टी अरबी समुद्रावरची आली. दीड मिनिटाची, म्हणजे सहाशेएक किलोमीटरची. त्या पट्टीत समुद्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ ४ अंशांनी तापत गेलेला, आणि प्रत्येक फ्रेमच्या मध्यभागी एक फिकट गोल डाग. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की करंट असेल. समुद्राचा करंट उड्डाणाच्या दिशेला इतका सरळ रेषेत थोडाच असतो! मी टेलिमेट्रीतून (सॅटेलाइट स्वतःबद्दल पाठवतो त्या आकड्यांतून) कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बोर्डाचं तापमान काढून शेजारी प्लॉट केलं तर दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. आम्ही बोर्डाचं तापमान मोजत होतो आणि त्याला समुद्र म्हणत होतो. नंतर कॅमेरा वीस मिनिटं आधी ऑन करायला लागलो, दर तीस सेकंदांनी शटर, आणि जमिनीवरच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये परत मोजून करेक्शन बसवलं, तेव्हा कुठे पट्टीच्या दोन टोकांमधला फरक अर्ध्या अंशाखाली आला. पण सॅटेलाइट वर गेल्यावर नळीवर सेन्सर लावता येत नाही, ती चुटपुट मला आजही आहे.

म्हणून मोठे सॅटेलाइट मोठे असतात. लँडसॅट ८ वरच्या टिर्स या थर्मल कॅमेऱ्यात डिटेक्टर ४३ केल्विनला, म्हणजे उणे २३० अंशाला ठेवलेला आहे, दोन टप्प्यांच्या कूलरनं, आणि सोबत ज्याचं तापमान पक्कं माहीत आहे असा ब्लॅकबॉडी (काळी प्लेट) आणि मोकळ्या अवकाशाकडे बघायची सोय, म्हणजे एक गरम खुंटी आणि एक थंड खुंटी, त्यांच्यामध्ये मोजपट्टी ताणायची. एवढं करूनसुद्धा २०१३ साली तो वर गेल्यावर चित्राच्या चौकटीबाहेरून भटका प्रकाश आत येतोय असं लक्षात आलं, एका बँडमध्ये काही अंशांपर्यंत चूक जात होती, तो बँड वापरू नका असं सांगावं लागलं, पुढे करेक्शन काढलं आणि लँडसॅट ९ साठी ऑप्टिक्समध्ये बदल केले. नासाच्या माणसांनाही हे झालं, यातून काम किती नाजूक आहे ते समजा. तुमच्या ६यू मध्ये छोटा स्टर्लिंग कूलर कसाबसा बसेल, पण तो नुसता चालू ठेवायला आठ-दहा वॅट जातात, थरथर वेगळी, आणि त्याची गरमी बाहेर फेकायला रेडिएटर हवा.

समजा कॅमेरा उत्तम झाला. तरी जे येतं ते जमिनीचं तापमान नसतं, वस्तू किती चमकते ते असतं. आमच्याकडे नवीन मुलं जॉइन झाली की मी त्यांना हिवाळ्यात दुपारी गच्चीवर नेते, शेजारच्या शेडवर नवा कोरा पत्रा आहे. हातातल्या थर्मल कॅमेऱ्यात तो पत्रा ५-६ अंश दाखवतो. शेडवाल्याच्या परवानगीनं पत्र्यावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलाय, तो तुकडा त्याच क्षणी ५५ दाखवतो. हात लावला तर चटका बसतो. नव्या पत्र्याची स्वतःची चमक फार कमी, पाव हिस्सा धरा, बाकी तो आरशासारखा वरचं थंडगार आकाश दाखवतो. मुंबई-पुण्याच्या थर्मल चित्रात भर उन्हात वस्त्यांचे आणि कारखान्यांचे पत्रे गार दिसतात ते यामुळे, आणि त्यावरून तिथे उकाडा कमी आहे असा निष्कर्ष कुणी काढला तर त्या पत्र्याखाली राहणाऱ्या माणसांवर तो अन्याय आहे, हे मी प्रत्येक वेळी बोलून दाखवते. शेतात ही अडचण कमी, दाट हिरव्या पिकाची चमक ०.९८ च्या आसपास (१ म्हणजे पूर्ण), पाण्याची ०.९९, कोरडी माती मात्र खाली येते आणि मातीप्रमाणे बदलते. माती-पिकाची टक्केवारी बदलली की हा आकडा बदलतो, तो ०.०१ नं चुकला तर अर्ध्या अंशाच्या घरात चूक.

मग हवा. हवेतलं बाष्प खालची उष्णता खातं आणि स्वतःची सोडतं. डिसेंबरात कोरड्या सोलापुरावरून बघणं वेगळं आणि मे महिन्यात दमट कोकणावरून बघणं वेगळं, दमट हवेत करेक्शनच कित्येक अंशांचं असतं. दोन बँड असतील, ११ आणि १२ मायक्रॉनचे, तर बाष्प १२ ला जास्त खातं आणि त्या फरकावरून अंदाज निघतो. तुमच्याकडे एकच रुंद बँड आहे, त्यामुळे बाष्प बाहेरून, हवामान मॉडेलमधून, आणावं लागेल. दोन फिल्टर बसवता आले तर बघा. आणि ढगांतून थर्मल आरपार दिसत नाही, ते स्पष्ट लिहा, जून ते सप्टेंबर तुमच्या हाती फार काही लागणार नाही. दाट ढग सोपे, ते गार दिसतात आणि काढून टाकता येतात. पातळ, वरचे, डोळ्यांना न दिसणारे ढग तापमान दोन-तीन अंशांनी खाली आणतात आणि पीक मस्त गारेगार आहे असं वाटायला लावतात. पाणी मिळालेलं पीक आणि ताण पडलेलं पीक यांच्यातला फरकही असाच काही अंशांचा असतो, म्हणून एक अंशाच्या आसपास अचूकता नसेल तर शेतकऱ्याला सल्ला द्यायचं धाडस करू नका. अजून एक, डाळिंबवाले बहार धरताना मुद्दाम ताण देतात. तुमच्या नकाशात तो प्लॉट लालभडक दिसेल आणि मालक म्हणेल, मीच दिलाय. शेत माहीत असलेला माणूस टीममध्ये घ्या.

इतकं सगळं वाचून नाउमेद होऊ नका, कारण छोट्या सॅटेलाइटला जिथे खरोखर तोड नाही अशी एक जागा आहे: आग. गणित करून बघा. ३.८ मायक्रॉनला ८०० केल्विनची आग ३०० केल्विनच्या जमिनीपेक्षा साधारण २,७०० पट झगमगते, ११ मायक्रॉनला फक्त १९ पट. आता २०० मीटरचा ढोबळ पिक्सेल घ्या, ४०,००० चौरस मीटर, त्यात ४० चौरस मीटर आग, म्हणजे हजारातला एक भाग. ३.८ ला पिक्सेलची चमक पावणेचार पट होते, ११ ला दोन टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. पावणेचार पट ओळखायला ०.१ अंशाची मारामारी करावी लागत नाही. दिवसा सूर्याचं परावर्तन याच लाटेत येतं, तापलेले खडक आणि पाण्यावरची चकाकी फसवते, ते सांभाळावं लागतं, पण आधी सांगितलेल्या निम्म्या डोकेदुख्या इथे सौम्य होतात.

आणि याची सुरुवात आपल्याशी जोडलेली आहे. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संस्थेचा बर्ड, शंभर किलोच्या आतला, आग शोधण्यासाठीच बनवलेला सॅटेलाइट, २२ ऑक्टोबर २००१ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३ वर गेला. त्याच घराण्यातला बायरोस २०१६ साली पीएसएलव्ही-सी३४ वर. आता म्युनिकची ओरोराटेक कंपनी कूलर नसलेले कॅमेरे घेऊन हेच करते, २०२२ साली पहिला पाठवला आणि मार्च २०२५ मध्ये एकदम आठ. त्यांची ताकद पिक्सेलमध्ये नाही, वेळेत आहे. आपल्याकडे फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया वणव्याचे अलर्ट मोडिस आणि व्हिअर्स या अमेरिकी सॅटेलाइटवरच्या सेन्सरवरून देते, ३७५ मीटरचा व्हिअर्स दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास जातो. मेळघाटात चार वाजता वारा सुटल्यावर लागलेला वणवा त्याला रात्री दिसणार, तोवर जाळरेषा (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) ओलांडून गेलेला. त्या मधल्या तासांत वर कुणीतरी असणं, हे दहा छोटे सॅटेलाइट करू शकतात, एक मोठा करू शकत नाही.

बाकी कोण काय करतंय तेही बघून ठेवा. ब्रिटनच्या सॅटव्ह्यू कंपनीनं हॉटसॅट-१ वरून मिडवेव्हमध्ये (आगीसाठी सांगितलेल्या ३.८ मायक्रॉनच्या आसपासच्या लाटांमध्ये) साडेतीन मीटरपर्यंत मजल मारली, एकेक इमारत वेगळी दिसायची, जून २०२३ ला गेला आणि डिसेंबरमध्ये बंद पडला. जर्मनीची कॉन्स्टेलर कंपनी मात्र तुमच्यासारखीच शेतीच्या मागे आहे आणि त्यांनी डिटेक्टर कूल्ड ठेवलाय, ते मुद्दाम बघा. इस्रोचा ईओएस-०८, पावणेदोनशे किलोचा, ऑगस्ट २०२४ मध्ये एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटवर गेला, त्यावर मिडवेव्ह आणि लाँगवेव्ह (१० मायक्रॉनच्या आसपासचा) दोन्ही कॅमेरे आहेत. आणि इस्रो-फ्रान्सचं मिळून होणारं तृष्णा, नाव ऐकूनच कळतं कुणासाठी आहे, ५७ मीटरचा पिक्सेल, थर्मलचे चार बँड, आणि वेळ दुपारी साडेबाराच्या सुमाराची. ही वेळ फार महत्त्वाची, कारण पिकाचा ताण खरा दुपारी कळतो, लँडसॅट आपल्याकडे अकराच्या सुमारास जातो तेव्हा पीक अजून सावरलेलं असतं.

तर तुम्ही काय करा. पहिले सहा महिने काही बनवू नका, लँडसॅट ८ आणि ९ चा डेटा फुकट आहे, कलेक्शन २ लेव्हल २ मधला पृष्ठभागाच्या तापमानाचा बँड घ्या, पिक्सेलच्या आकड्याला ०.००३४१८०२ नी गुणा, १४९ मिळवा, केल्विन येतं. फाइल ३० मीटरची दिसेल पण मोजलेलं १०० मीटरनं आहे. मग उजनीसारखं मोठं जलाशय घ्या, काठापासून चांगलं आत, होडीतून, सॅटेलाइट जायच्या वेळेला पाण्याचं तापमान मोजा, वरच्या थरात, कारण सॅटेलाइटला फक्त पाण्याची साय दिसते आणि ती खालच्यापेक्षा काही दशांश अंश गार असते. अमेरिकेत लेक टाहो आणि सॉल्टन सी या तलावांवर सेन्सर ठेवून हेच करतात, कारण पाण्याची चमक ठाऊक असते आणि ते हळू बदलतं. आठ-दहा दिवसांचे आकडे जमले की तुम्हाला स्वतःला कळेल चांगल्यात चांगला सॅटेलाइटही कुठे किती चुकतो, आणि पुढे तुमच्या सॅटेलाइटची परीक्षा घ्यायला तेच पाणी कामाला येईल.

मग कॅमेरा कोअर (डिटेक्टर आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक्स असलेला तयार भाग) विकत घ्या, व्हॅक्यूम चेंबरमध्ये टाका, समोर ठरावीक तापमानाची काळी प्लेट ठेवा आणि प्लेटला हात न लावता नुसता कॅमेऱ्याचा डबा १० ते ३० अंश फिरवा. जो आलेख येईल तो प्रपोझलच्या पहिल्या पानावर लावा. कोअरच्या आतलं ऑटो करेक्शन बंद करून कच्चे आकडे मिळतात का ते विकत घेण्याआधी लेखी विचारा, काही कोअर ते देतच नाहीत आणि मग तुमच्या हातात काही उरत नाही. लेन्स जर्मेनियमची असेल तर तापमानानं फोकसही हलतो, तेही याच टेस्टमध्ये बघून घ्या, आणि ऑर्डर लवकर द्या, २०२३ मध्ये चीननं जर्मेनियमच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्यापासून या मालाचं वेळापत्रक पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आणि लेन्सच्या नळीवर चार, डिटेक्टरच्या मागे एक, शटरच्या पात्यावर एक, असे सहा तापमान सेन्सर आत्ताच ड्रॉइंगमध्ये टाका, डबा एकदा बंद झाला की त्यांच्या वायरी काढायला जागा राहत नाही.